रानटी प्राण्यांच्या पोटात यीस्ट कायमचं राहतं, की नुसतं खाण्यातून येऊन जातं?

दोन्ही होतं. फळं खाणाऱ्या प्राण्याच्या विष्ठेत सापडणारं बरंचसं यीस्ट हे नुसतं प्रवासी असतं, फळावरून आलं आणि गेलं. पण काही पक्के भाडेकरू पण असतात.

मला हे कळलं ते एका कुत्र्यामुळे. मी तेव्हा जनावरांच्या लॅबमध्ये होतो, त्याच्या विष्ठेचं सॅम्पल मायक्रोस्कोपखाली ठेवलं तर लांबुळक्या जाड पेशी, काही एकेकट्या काही जोडीने चिकटलेल्या, मला वाटलं काहीतरी नवीन परजीवी सापडला आपल्याला! सरांनी एकदाच बघितलं आणि म्हणाले, मालकाकडे ससे आहेत का विचार. होते. कुत्रा त्यांच्या लेंड्या खात होता, बाकी काही नाही.

ते होतं सायनिक्लोमायसेस गुट्टुलाटस. सशाच्या पोटातलं हे यीस्ट 1845 मध्येच रेमाक नावाच्या शास्त्रज्ञाने पाहिलेलं. सशाच्या जठरात लिंबाच्या रसालाही लाजवेल असं ऍसिड असतं आणि हा गडी तिथेच आतल्या अस्तरावर थर करून राहतो, सशाला सहसा काही त्रास नाही. वर ससा आपल्याच मऊ लेंड्या परत खातो, म्हणजे बाहेर पडलेलं यीस्ट पुन्हा आत. (हे युरोपियन सशाचं सांगतोय, पाळीव ससे त्याचेच वंशज. आपल्या माळरानावरचा ससा वेगळ्या जातकुळीचा आहे.)

आता प्रवासी आणि भाडेकरू ओळखायचा कसा? तर तापमान बघा. फळावरचं यीस्ट साध्या खोलीत लॅबच्या प्लेटवर (जंतू वाढवायची चपटी बशी) मस्त वाढतं. सशाच्या यीस्टला 37-38 डिग्री, ऍसिड आणि भरपूर कार्बन डायऑक्साइड लागतो, नाहीतर प्लेट कोरीच. म्हणूनच नेहमीच्या पद्धतीने शोधलं तर हे हाती लागत नाही.

उंदरांमध्ये असाच एक आहे, कझाकस्तानिया पिंटोलोपेसी (पहिला भाग देशाच्या नावावरूनच आलाय), ब्रेडच्या यीस्टचा नातेवाईक. सॅव्हेज आणि ड्युबॉस या संशोधकांनी 1967 मध्ये उंदराच्या जठरात यीस्टचा थर दाखवलेला, पण खरी मजा 2024 मध्ये आली, मोकळ्या फिरणाऱ्या उंदरांकडून हे यीस्ट लॅबच्या उंदरांत गेलं तेव्हा जंतांपासून त्यांचं थोडं रक्षण झालं, आणि पोटाची ऍलर्जी मात्र वाढली.

कुत्र्याला औषध दिलंच नाही, सशांच्या पिंजऱ्याला जाळी लावायला सांगितली.