जर्मनीतल्या गावांत ज्यू लोक सुरुवातीला कसे वसले? ते सगळे सावकारच होते का?

सगळे सावकार होते हे आधी डोक्यातून काढून टाका, सुरुवातीला तर ते मुख्यतः व्यापारी होते. मी मॅनहाइमला असतो, श्पायर इथून जवळच, म्हणून त्याच गावाचं सांगतो.

तसे कोलोनमध्ये ज्यू असल्याची नोंद पार ३२१ सालची आहे, पण श्पायरला चक्क बोलावून वसवलं. १०८४ मध्ये माइन्त्सला आग लागली, तिथले ज्यू आता लोक आपल्यावर उठतील म्हणून घाबरलेले, तेव्हा श्पायरचा बिशप, म्हणजे तिथल्या चर्चचा आणि गावाचाही प्रमुख, र्‍युडिगर हुत्समान म्हणाला या इकडे, आणि सनद करून दिली. त्यात लिहिलंय की मला या खेड्याचं शहर करायचंय आणि ज्यू आणले तर गावाची इभ्रत हजारपट वाढेल! आपल्याकडे कौल देऊन पेठ वसवायचे ना, सरळ तोच हिशोब, लांबलांबचा व्यापार यांच्या हातात होता.

सनद वाचायला भारी मजा येते. वस्तीभोवती भिंत, दफनासाठी चर्चच्या मालकीची जागा, सोन्याचांदीची अदलाबदल करायची मोकळीक, आपसातले तंटे त्यांच्याच प्रमुखाने सोडवायचे, ख्रिश्चन दाई आणि नोकर ठेवायला परवानगी. इतकंच काय, त्यांच्या धर्मात न चालणारं मटण ख्रिश्चनांना विकलं तरी चालेल, हेपण लिहून ठेवलंय. बदल्यात वर्षाला तिथल्या चलनात साडेतीन पौंड. १०९० मध्ये सम्राट चौथ्या हेन्रीनेही हक्क मान्य केले.

पण भिंत बांधावी लागली यातच काय ते आलं. १०९६ च्या मे महिन्यात क्रुसेडवाले, म्हणजे जेरुसलेम जिंकायला निघालेले ख्रिश्चन, आले, श्पायरमध्ये ११ जण मारले, बाकीचे वाचले कारण नवा बिशप योहान मधे पडला. जवळच्या वर्म्स शहराच्या बिशपला ते जमलं नाही, तिथे सुमारे ८०० गेले. म्हणजे सनद कितीही पक्की असो, त्या दिवशी गादीवर कोण बसलंय त्यावर सगळं.

तरी वस्ती टिकली, ११०४ ला सिनेगॉग म्हणजे ज्यूंचं प्रार्थनामंदिर झालं, शेजारी जमिनीखाली १० मीटर खोल मिकवे म्हणजे धार्मिक स्नानाचं कुंड, पायऱ्या उतरून जाता येतं, तळाशी अजून भूजल आहे. कधी आलात तर कॅथेड्रल बघून परत फिरू नका, हे कुंड बघाच.

आणि सावकारीचं म्हणाल तर ती वाढली नंतर, १२व्या-१३व्या शतकात, कारागिरांच्या गिल्डमध्ये म्हणजे धंद्याच्या संघांत यांना घेईनात, ख्रिश्चनांना व्याज घ्यायला चर्चची बंदी, मग उरलं काय?