वाचकांचे प्रश्न: ॲनिमे ऐकावे, वाचावे की पाहावे?

गेल्या दोन महिन्यांत गोव्यातील वाचकांकडून ॲनिमे (जपानी चलच्चित्र मालिका आणि चित्रपट) आणि मांगा (जपानी चित्रकथा) या विषयांवर इतकी पत्रे आली की या वेळचे सदर त्यांच्यासाठीच राखून ठेवले आहे. बहुतेक पत्रांमागचा पेच एकच आहे: परक्या भाषेतली कथा आपल्यापर्यंत कोणत्या वाटेने आणावी?

डिचोली येथील एक आई विचारतात: माझी मोठी मुलगी पणजीला महाविद्यालयात शिकते आणि धाकटा मुलगा सातवीत आहे. दोघांनाही ॲनिमेचे वेड आहे. मुलगी जपानी आवाज आणि इंग्रजी सबटायटल यांशिवाय काही पाहत नाही, तर मुलगा हिंदी डबिंगच लावतो. हिंदीत पाहणे म्हणजे मूळ कृतीचा अपमान करणे, असे ती त्याला सुनावते आणि तो रडकुंडीला येतो. दोघांपैकी कोणाचे बरोबर आहे?

उत्तर: मुलीच्या म्हणण्यात जो खरा भाग आहे तो आधी मान्य केला पाहिजे. पात्राला आवाज देणे ही जपानमध्ये स्वतंत्र कला मानली जाते आणि त्या कलावंतांना 'सेइयू' असे म्हणतात. 'ड्रॅगन बॉल' या मालिकेतील गोकू या प्रसिद्ध पात्राला मासाको नोझावा या अभिनेत्रीने १९८६ पासून आवाज दिला आहे आणि त्यांचा जन्म १९३६ चा आहे. लहान मुलग्यांचे आवाज तेथे बऱ्याचदा स्त्रियाच देतात, कारण मुलाचा आवाज वयात येताना फुटतो आणि मालिका तर वर्षानुवर्षे चालू राहते. ज्या मराठी रंगभूमीने बालगंधर्वांच्या स्त्रीभूमिका डोक्यावर घेतल्या तिच्या प्रेक्षकांना, आणि जत्रेतले नाटक मागच्या रांगेत बसून केवळ आवाजावर पात्रे ओळखत पाहणाऱ्या गोमंतकीयांना, आवाजातून पात्र उभे राहते म्हणजे काय हे वेगळे समजावून सांगायला नको. तो आवाज काढून दुसरा घातला की काहीतरी हरवते, हे तुमच्या मुलीला जाणवते आणि ती जाणीव खोटी नाही.

तिची चूक पुढच्या पायरीवर होते. ती ऐकते जपानी, पण तिला समजते ते इंग्रजी. इंग्रजी सबटायटल हाही एक अनुवादच आहे, आणि माझ्या मते आपल्यासाठी तो काही बाबतींत हिंदीपेक्षा मुळापासून दूर जाणारा आहे. जपानीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. 'वाताशी वा मिझु ओ नोमु' या वाक्यातील शब्दांचा क्रम 'मी पाणी पितो' असाच आहे. नकारही क्रियापदाला जोडून शेवटीच येतो. समजा, एखादे पात्र म्हणाले, 'तुझ्या भावाला त्या रात्री मी', मग क्षणभर थांबले आणि 'मारले नाही' असे म्हणाले, तर तो थांबा मराठीत, हिंदीत आणि कोंकणीतही जसाच्या तसा ठेवता येतो. इंग्रजीत नकार आणि क्रियापद दोन्ही आधी येतात, त्यामुळे पात्र अजून 'तुझ्या भावाला' म्हणत असतानाच सबटायटल वाचणाऱ्याला पुढचे सगळे कळून चुकलेले असते.

संबोधनांचेही तसेच आहे. जपानी माणूस समोरच्याच्या नावापुढे 'सान', 'कुन', 'चान' किंवा 'सामा' लावतो आणि त्यावरून दोघांमधले अंतर कळते. एके दिवशी कोणी 'सान' गाळून नुसते नाव घेतले, तर अहो-जाहो करणाऱ्याने अचानक अरे-तुरे केल्यावर आपण जसे चमकतो तसा जपानी प्रेक्षक चमकतो. इंग्रजीत लहानथोरांसाठी समोरच्याला उद्देशून एकच सर्वनाम असल्यामुळे अनुवादकाला हा बदल आडवळणाने सांगावा लागतो किंवा सोडून द्यावा लागतो. हिंदीतील 'तू', 'तुम' आणि 'आप' यांना तो सहज पेलतो. स्वतःसाठी वापरायचे 'वाताशी', 'बोकु', 'ओरे' हे वेगवेगळे शब्द मात्र आपल्याकडेही एका 'मी'त विरघळतात, आणि तेवढ्यासाठी मूळ आवाजच ऐकावा लागतो.

म्हणून हिंदी डबिंग नेहमीच चांगले असते असे मी म्हणणार नाही. हिंदी संहिता जपानीऐवजी इंग्रजी अनुवादावरून बेतली असेल, तर इंग्रजीत गळालेले हिंदीत परत येत नाही. घाईत केलेल्या डबिंगमध्ये सगळी पात्रे एकाच पट्टीत ओरडतात आणि मरणाच्या प्रसंगातही टाळ्या घेणारे वाक्य घुसडलेले असते. असे डबिंग मुलीने नाकारले तर ते योग्यच आहे. पण चांगले डबिंग काय करू शकते हे तुमच्या पिढीने अनुभवलेले आहे. १९८९ साली जपानमध्ये तयार झालेली मोगलीची मालिका नव्वदच्या दशकात दूरदर्शनवर हिंदीत आली, तिच्या शीर्षकगीताचे शब्द गुलजारांचे होते आणि शेरखानला आवाज नाना पाटेकरांचा होता. त्या वेळी ती मालिका परकी आहे असे किती घरांत वाटले असेल?

ओठांच्या हालचालीशी शब्द जुळत नाहीत हा डबिंगवरचा जुना आक्षेप ॲनिमेला तर फारच कमी लागू पडतो. ओसामू तेझुका यांची 'ॲस्ट्रो बॉय' ही मालिका १ जानेवारी १९६३ रोजी जपानी दूरचित्रवाणीवर सुरू झाली, तेव्हापासून आठवड्याला एक भाग तुटपुंज्या पैशांत काढण्यासाठी कमीत कमी चित्रांवर काम भागवण्याची पद्धत तेथे रुजली. मिटलेले, अर्धवट उघडे आणि पूर्ण उघडे अशा तोंडाच्या तीन चित्रांवर बहुतेक संवाद निभावले जातात, आणि जपानी कलावंतही सहसा चित्र समोर ठेवून नंतरच आवाज भरतात. त्या ओठांवर जपानी शब्दसुद्धा काटेकोर बसवलेले नसतात.

तेव्हा दोघांना एकच भाग दोन्ही प्रकारे, शेजारी बसून पाहायला सांगा, आणि कोणत्या वाक्याला काय झाले एवढ्यावरच त्यांना भांडू द्या. तुमच्यासाठी एक वेगळी सूचना: डबिंग लहान मुलांसाठी आणि सबटायटल मोठ्यांसाठी, असे समजून चालू नका. हिंदीत आहे म्हणून एखादी मालिका सातवीतल्या मुलाला योग्य ठरत नाही. यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ अशी वयाची खूण मालिकेच्या सुरुवातीला असते, ती पाहून मगच परवानगी द्या.

मडगाव येथील एक विद्यार्थी लिहितो: मी हिंदी आवाज लावून खाली इंग्रजी सबटायटल ठेवतो, पण दोन्हींतले शब्द जुळत नाहीत. चूक कोणाची? शिवाय आजीला माझ्याबरोबर पाहायचे असते. तिला इंग्रजी येत नाही आणि तिची नजरही आता मंदावली आहे.

उत्तर: चूक कोणाचीच नाही. ते दोन वेगळ्या माणसांचे दोन वेगळे अनुवाद आहेत. डबिंगच्या लेखकाला पात्राचे तोंड उघडे असेल तेवढ्या वेळात वाक्य बसवावे लागते. सबटायटल लिहिणाऱ्याला साधारणपणे दोन ओळींची मर्यादा असते, एका ओळीत इंग्रजीची सुमारे ४२ अक्षरे मावतात आणि ती वाचून डोळा पुन्हा चित्राकडे वळायला हवा, म्हणून तो वाक्य छाटतो. दोन्ही एकदम चालू ठेवलेस तर मन एकसारखे ताळा करत बसते आणि चित्र निसटते. एक बंद कर.

आजीसाठी हिंदी डबिंग आहेच. पण ज्या मालिकेला ते नसेल तिच्यासाठी एक उपाय मी स्वतःच्या घरी केलेला आहे. श्रावणात एकजण पोथी वाचतो आणि घरातली बाकीची माणसे ऐकतात, त्याच रीतीने मी आईला सबटायटल कोंकणीत सांगत असे. पहिल्या दिवशी मी वाक्यामागून वाक्य सांगत सुटलो आणि तिने मला थांबवले. ती म्हणाली, रडते आहे हे मला दिसते, कशासाठी रडते तेवढेच सांग. त्यानंतर मी चारांपैकी एखादेच वाक्य सांगू लागलो आणि तिला कथा माझ्याइतकीच कळू लागली. तुझ्या आजीबरोबर हे जरूर करून पाहा. मोठ्याने सांगताना स्वतःलाही किती गोष्टी नव्याने उमगतात, हे तुला पहिल्याच संध्याकाळी कळेल.

फोंडा येथील एक निवृत्त शिक्षक विचारतात: माझा नातू जाडजूड चित्रकथा शेवटच्या पानापासून उलटी वाचतो. याला वाचन म्हणावे काय? मराठी वाचनाची गोडी यामुळे मारली जाणार नाही ना?

उत्तर: गुरुजी, ते पुस्तकच तसे बांधलेले आहे. मांगा उजवीकडून डावीकडे वाचतात, पानेही आणि पानावरच्या चौकटीही. पूर्वी इंग्रजी आवृत्त्या काढताना चित्रे आरशातल्यासारखी उलटवून छापत असत. त्यामुळे सगळे योद्धे डावखुरे झाले आणि किमोनो या जपानी पोशाखाचा उजवा पदर वर आला. किमोनो नेसताना डावा पदर वर घेतात. उजवा पदर वर घेऊन नेसवतात ते मृताला. एवढ्या एका उदाहरणावरून मूळ दिशा का जपावी हे आपल्यासारख्या शिक्षकाच्या लगेच ध्यानात येईल.

वाचन म्हणावे काय, याला माझे उत्तर निःसंशय होकाराचे आहे. काळ्यापांढऱ्या रेषांमध्ये वेळ किती गेला, कोण कोणाकडे पाहते आहे, दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत काय घडले, हे सारे वाचकाला स्वतःच भरून काढावे लागते. ॲनिमेत ही गती दिग्दर्शक ठरवतो. मांगात ती वाचकाच्या बोटांत असते, आणि आवडलेल्या पानावर तो हवा तितका वेळ थांबू शकतो.

मराठीशी तर त्याचे वैर नाहीच, उलट एक मोठे सख्य आहे. जपानीत ध्वनींवरून आणि भावांवरून घडलेल्या जोडशब्दांची रेलचेल आहे आणि मांगामध्ये ते शब्द चित्राचाच भाग म्हणून रेखाटलेले असतात. काळीज 'दोकी दोकी' करते, तारे 'किरा किरा' करतात. इंग्रजीला अशा जागी बऱ्याचदा अडखळावे लागते, पण आपल्याकडे धडधड आणि लुकलुक हे शब्द तयारच आहेत. संपूर्ण शांततेसाठीही मांगामध्ये 'शीऽऽन' असा शब्द असतो. आपण नातवाबरोबर बसा, त्याने असा एकेक शब्द दाखवावा आणि आपण दोघांनी त्याला मराठी किंवा कोंकणी शब्द शोधावा. 'शीऽऽन'ला 'सामसूम' चालेल की 'चिडीचूप' बरा, यावर दुपार सहज निघून जाईल, आणि मराठीच्या गोडीची काळजी तिथल्या तिथे मिटेल असा माझा विश्वास आहे.

वास्को येथील एक तरुणी विचारते: आधी मांगा वाचावी की आधी ॲनिमे पाहावे?

उत्तर: लढाई, संगीत आणि वेग हे जिचे बळ आहे ती कथा आधी पाहा, जिचे बळ माणसांच्या मनात आहे ती आधी वाच. मांगा अपुरी असतानाच मालिका सुरू झाली असेल तर मात्र थोडी चौकशी करून घे. 'फुलमेटल अल्केमिस्ट' ही मांगा २००१ ते २०१० या काळात चालली. २००३ सालच्या पहिल्या मालिकेला तिच्यापुढे जावे लागले आणि तिने स्वतःचा वेगळा शेवट केला. मांगेला धरून चालणारी दुसरी मालिका २००९ साली आली. असे असेल तेथे दोन्हींना एकच कथा समजू नकोस.

पेडणे येथील एक तरुण लिहितो: २०२५ साली 'डेमन स्लेयर: इन्फिनिटी कॅसल' आपल्या चित्रपटगृहांत जपानीबरोबरच इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू भाषांत लागला. मराठी नव्हती, याचे वाईट वाटले. मी स्वतः मराठी सबटायटल लिहायला शिकू शकेन काय?

उत्तर: मलाही वाईट वाटले, आणि आपले पत्र वाचून तितकाच आनंद झाला. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या कृतीवर सबटायटल चढवून ती पसरवता येत नाही, एवढे पथ्य पाळा. घरी बसून सराव करायला कोणाची आडकाठी नाही. इंग्रजी ओळ समोर ठेवली तरी कान जपानीकडे ठेवा. पात्र 'सान' म्हणते की 'सामा', हे ऐकून 'तू' की 'आपण' हे ठरवा, कारण ती माहिती इंग्रजी ओळीत बहुधा नसते. क्रियापद शेवटी ठेवा, म्हणजे पात्राचा थांबा आपोआप जपला जाईल. पेडण्याचा शेतकरी जसा बोलतो तसा जपानी खेड्यातला म्हातारा बोलला तर चालेल काय, असा मोह होईल. माझे मत असे की एखाददुसरा शब्द जरूर घ्यावा, पण वाचणाऱ्याला अडखळायला लावील एवढी बोली दोन ओळींत घालू नये. तीन मिनिटांचा एकच प्रसंग निवडा, आणि पहिला खर्डा घरातल्या अशा माणसाला दाखवा ज्याने ती मालिका पाहिलेली नाही. त्याची नजर चित्रावरून हटून खालच्या ओळींवरच खिळून राहिली, तर त्या ओळी अजून लांब आहेत. त्या कमी करा आणि पुन्हा त्यालाच दाखवा.