'सिमुल्ला' की 'तिमूला'? टॉलेमीचे चौल

प्रश्न असा आहे की, प्राचीन ग्रीक भूगोलकार टॉलेमी आपल्या 'भूगोल' ग्रंथात कोकणातील एका बंदराला 'सिमुल्ला' म्हणतो आणि तेथील लोक त्याला 'तिमूला' म्हणतात असेही सांगतो. तर ही दोन वेगळी गावे समजावीत काय?

गाव एकच, रायगड जिल्ह्यातील चौल. कान्हेरीच्या ब्राह्मी लेखांत त्याचे नाव 'चेमुल' असे येते आणि सगळा घोळ त्यातल्या 'च'चा आहे. ग्रीक भाषेत हा उच्चार नाही, त्यामुळे तो लिहिताना कोणी 'स' वापरी, तर कोणी 'ति'. चंद्रगुप्ताचा 'सँड्रोकोटोस' झाला तो पहिल्या रीतीने. उज्जैनचा क्षत्रप (शक राज्यकर्ता) चष्टन मात्र खुद्द टॉलेमीकडे 'तिअस्तनेस' होऊन येतो, ती दुसरी रीत. एकाच ग्रंथातील या चष्टनाचा दाखला मला निर्णायक वाटतो. 'च' नसलेल्या अरबीनेही पुढे याच गावाला 'सैमूर' केले.

टॉलेमी इ.स.च्या दुसऱ्या शतकात अलेक्झांड्रियात राहिला आणि त्याने सुमारे 8000 स्थळांचे अक्षांश-रेखांश मांडले, पण भारतात तो कधी आला नाही. सिमुल्लाचा उल्लेख त्याच्या पहिल्या खंडात येतो तो आपल्या आधीचा भूगोलकार, टायरचा मारिनस, याची चूक दाखवताना. मारिनसने हे बंदर सिंधूच्याही पश्चिमेला नेऊन ठेवले होते. तेथे दीर्घकाळ ये-जा केलेल्या आणि तेथून आलेल्या लोकांच्या सांगण्यावरून टॉलेमीने ते सिंधूच्या मुखांच्या दक्षिणेला असल्याचे लिहिले आणि त्याच ओघात स्थानिक नावही नोंदवले. म्हणजे 'सिमुल्ला' हे ग्रीक व्यापारात रुळलेले रूप, तर 'तिमूला' ही गावकऱ्यांच्या उच्चाराची नोंद. (एवढी दुरुस्ती करूनही त्याच्या नकाशात आपले द्वीपकल्प दक्षिणेकडे न निमुळते होता जवळजवळ सपाटच राहिले, हा भाग वेगळा.)

'चेमुल'चे 'चौल' होण्यात मात्र ग्रीकांचा हात नाही. 'ग्राम'चे 'गाव' आणि 'नाम'चे 'नाव' होताना दोन स्वरांमधला 'म' जसा 'व'कडे झुकला, तसाच तो येथेही झुकला आणि पुढे विरून गेला. मधली पायरी असलेले 'चेऊल' हे रूप जुन्या मराठी कागदपत्रांत सर्रास आढळते.