पेग तोच, अंगातलं पाणी कमी

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. वय ६२, राहणार ऐरोली. ठाणे-बेलापूर रोडवरच्या एका केमिकल कंपनीतून चार वर्षांपूर्वी निवृत्त झालो. दर शनिवारी आम्ही चार मित्र घणसोलीला एकाच्या घरी बसतो, पंचवीस वर्षांची सवय आहे. पूर्वी तीन लार्ज घेऊन स्कूटरने घरी यायचो आणि रविवारी सकाळी मटणाच्या रांगेत ताजातवाना उभा असायचो. आता दुसऱ्यातच जीभ जड होते, रात्री दोनला जाग येते आणि रविवार डोकं धरून जातो. गटारीच्या रात्री तर लघवीला उठलो आणि बाथरूमच्या दारात पडलो. डोक्याला टेंगूळ आलं. शुगरसाठी मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड, बीपीची टेल्मिसार्टन, प्रोस्टेटची टॅमसुलोसिन आणि अ‍ॅस्पिरिन ७५ अशा गोळ्या चालू आहेत. मित्र म्हणतात, "दोन महिने गावी होतास, खंड पडला. रोज एक घेत जा, पुन्हा पचेल." आमच्यातल्या एकाला ६६व्या वर्षीही तीन पचतात. मलाच का पचत नाही? लिव्हर गेलं का?

उत्तर : तुमचं पत्र वाचलं त्याच संध्याकाळी मी तुम्हाला फोन केला, तो त्या टेंगळासाठी. वयाबरोबर मेंदू थोडा आकसतो आणि कवटी ते मेंदू यांच्यामधल्या बारीक शिरा ताणल्या जातात. पडल्यावर त्यातली एखादी फाटली तर रक्त थेंबथेंब साठत राहतं. डोकेदुखी, गुंगी, चालताना तोल जाणं ही लक्षणं कधी दोन-तीन आठवड्यांनी दिसतात, तोवर माणूस पडलेलं विसरूनही गेलेला असतो. अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर धोका वाढतो. तुमचा सीटी स्कॅन साफ आला आणि तुम्ही परवानगी दिलीत, म्हणून बाकीचं इथे सगळ्यांसाठी लिहिते.

दारू अंगातल्या पाण्यात मिसळते, चरबीत जवळजवळ नाही. ७० किलोच्या तरुण पुरुषाच्या अंगात साधारण ६० टक्के, म्हणजे ४२ लिटर पाणी असतं. साठीनंतर स्नायू कमी होतात, चरबी वाढते आणि वजन तेवढंच राहूनही हे पाणी ३५ लिटरच्या आसपास येतं. सात लिटर म्हणजे छोटी कळशीभर पाणी अंगातून कमी झालं. तुमचा पेग आता त्या कमी पाण्यात मिसळतो, म्हणून रक्तात तो अधिक कडक उतरतो. बायकांच्या शरीरात पाणी मुळातच कमी असतं, त्यामुळे त्यांना हे आणखी लवकर जाणवतं. त्याबद्दल लिहायला आपल्याकडे बायका संकोचतात. संकोचू नका, लिहा.

शिवाय दारूचा काही भाग जठराच्या अस्तरातच मोडला जातो, ते काम वयानुसार मंदावतं. लिव्हरकडे जाणारं रक्तही कमी होतं. आणि मेंदू अधिक हळवा होतो, म्हणजे रक्तात दारू तेवढीच असली तरी तोल आधी जातो. तेव्हा पचत नाही याचा अर्थ लिव्हर गेलं असा लगेच होत नाही. तरी एलएफटी, म्हणजे लिव्हरची रक्ततपासणी, आणि पोटाची सोनोग्राफी करून घ्या. डोळे पिवळे दिसले, पायाला किंवा पोटाला सूज आली तर रिपोर्टची वाट न बघता या.

आता पेगविषयी. मागच्या वर्षी पांचपाखाडीतले एक काका माझ्या नौपाड्याच्या दवाखान्यात आले. चक्कर येते म्हणत होते. "किती घेता?" "रोज एक पेग, डॉक्टर." अकरा वर्षं ते हेच सांगत होते आणि मी केसपेपरवर तसंच लिहीत होते. त्या दिवशी मी त्यांच्यापुढे स्टीलचा पेला आणि पाण्याची बाटली ठेवली. म्हटलं, घरी ओतता तसं ओता. त्यांनी पेला जरा तिरपा धरला, सवयीने ओतलं, थांबले, आणि वर एक छोटी धार सोडली. मी ते मापाच्या भांड्यात रिकामं केलं. ९५ मिली. स्मॉल ३० मिलीचा, लार्ज ६० चा. काकांचा "एक" हा तीन स्मॉलहून जास्त होता. ते बराच वेळ भांड्यावरच्या त्या रेघेकडे बघत राहिले. ती अकरा वर्षं न मोजता लिहिल्याची रुखरुख मला अजून आहे, म्हणून आता मी प्रत्येकाला ओतायला लावते.

आपल्याकडच्या बहुतेक व्हिस्कीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असतं. त्या हिशोबाने ६० मिलीच्या लार्जमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल येतं. लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम निपटवतं. लिंबूपाणी, काळी कॉफी, गार पाण्याची आंघोळ, कशानेही तो वेग वाढत नाही.

गटारीच्या रात्री तुम्ही का पडलात ते तुमच्या गोळ्यांच्या यादीत दिसतं. टॅमसुलोसिनने उभं राहताना बीपी एकदम उतरू शकतो. टेल्मिसार्टन बीपी खाली ठेवते. दारूनेही रक्तवाहिन्या सैल पडतात, आणि लघवी जास्त होऊन अंगातलं पाणी आणखी कमी होतं. रात्री दोनला लघवी जोरात लागली, तुम्ही झटकन उठलात आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडलं. जाग येण्याचंही कारण तेच पेग आहेत. दारूने झोप लवकर लागते, पण ती उतरायला लागली की झोप तुटते.

मला याहून जास्त भीती ग्लिमेपिराइडची वाटते. फोनवर तुम्ही म्हणालात, "त्या रात्री जेवलो नाही, चकण्यावरच भागलं." ही गोळी साखर उतरवते. पोट रिकामं असेल तर लिव्हर साठवणीतली साखर सोडून आपल्याला सावरतं. पण दारू मोडण्यात गुंतलेलं लिव्हर ते काम नीट करत नाही. साखर उतरली की घाम येतो, जीभ अडखळते, माणूस असंबद्ध बोलतो, गाढ झोपतो. घरचे म्हणतात, "चढलीय, झोपू दे." त्या झोपेतून माणूस न उठण्याची शक्यता असते. तुमच्या मिसेसना हा परिच्छेद वाचायला द्या आणि ग्लुकोमीटर पलंगाजवळ ठेवा.

"रोज घेतलीस की पचेल" हा सल्ला ऐकू नका. सवयीने मुख्यतः मेंदू सरावतो, झिंग कमी जाणवते. लिव्हर, हृदय, मेंदू यांच्यावरचा भार उतरत नाही. उलट चढत नाही म्हणून माणूस जास्त पितो. तुमच्या ६६ वर्षांच्या मित्राची मला म्हणूनच तुमच्यापेक्षा अधिक काळजी वाटते. तुमचं शरीर थांब म्हणून सांगतंय, त्यांचं सांगत नाही.

आणि स्कूटर. १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल ही कायद्याची मर्यादा. रिकाम्या पोटी एका लार्जनेही ती ओलांडली जाऊ शकते. मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्यालाच १० हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. पण मी दंडासाठी सांगत नाही. रात्री अकराला ठाणे-बेलापूर रोडवर ट्रक कसे धावतात ते तुम्ही नोकरीत असताना रोज पाहिलंय. शनिवारी स्कूटर घरी ठेवा, रिक्षाने जा.

माझं मत विचाराल तर, या गोळ्यांवर असताना दारू पूर्ण बंद करा. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं की आरोग्याला सुरक्षित असं दारूचं कुठलंच प्रमाण नाही. तुम्ही आठवड्यातून एकदा घेता, तुम्हाला एकदम सोडता येईल. पण जे वाचक रोज भरपूर घेतात, त्यांनी मनाने एकाएकी बंद करू नये. हातपाय थरथरणं, फिट येणं, भ्रम होणं हे पहिल्या तीन-चार दिवसांत होऊ शकतं आणि ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडा.

इतकं सांगूनही शनिवारी घेणारच असाल, तर आधी पूर्ण जेवा, चपाती-भाजी-भात. मग मोजून ३० मिली, त्यावर नाही. झोपताना साखर तपासा. रात्री उठताना आधी पलंगावर दोन मिनिटं बसा, दिवा लावा, मग पाय टाका. झोपेची गोळी त्या रात्री घेऊ नका, सर्दीची गुंगीची गोळीही नाही.

आणि खोकल्याच्या औषधावरचं ते प्लास्टिकचं माप घणसोलीला घेऊन जा. चौघांनी आधी आपापल्या सवयीने पाणी ओतून त्यात मोजा. त्या ६६ वर्षांच्या मित्राचा आकडा मला कळवा, आणि त्यांना घेऊन या. येताना दोघांच्याही गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा.