पोस्टग्रेसची डिस्क आणि म्हापशातला पाऊस
अरे, सर्व्हरवर डेटाबेस कुठला टाकू, पोस्टग्रेस की मारियाडीबी, यात आठवडा घालवू नकोस. पोस्टग्रेस घे, डेबियन लिनक्सवर टाक. खरी गोम डिस्कमध्ये आहे. रेड म्हणजे अनेक डिस्क जोडून एक बिघडली तरी डेटा वाचवणारी रचना. त्यातलं रेड ५ स्वस्त वाटतं, पण प्रत्येक छोट्या लिखाणामागे दोन वाचनं, दोन लेखनं. डेटाबेसला रेड १०च घे, त्यात प्रत्येक डिस्कची जोडीला नक्कल असते. एसएसडी कपॅसिटरवाली हवी, वीज गेली तरी हातातलं लिहून पुरं करणारी. म्हापशात जूनच्या पहिल्याच गडगडाटात वीज गेली, यूपीएसची बॅटरी मेलेली, आणि माझ्या घरगुती एसएसडीने ‘लिहिलं’ म्हणून सांगितलेलं लिहिलंच नव्हतं! रात्रभर बॅकअप रिस्टोअर करत बसलो. वेगासाठी एफसिंक, म्हणजे लिखाण खरंच डिस्कवर पोचल्याची खात्री करणं, बंद कर म्हणणारे भेटतील, ऐकू नकोस. शेअर्ड बफर्स, म्हणजे पोस्टग्रेस डेटा हाताशी ठेवतं ती मेमरी, मूळचे १२८ एमबी; रॅमच्या पाव भागापासून सुरुवात कर.