जुन्या अमेरिकन मसल कारमधला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स मूळचाच आहे, हे कसे ओळखावे?

आपला प्रश्न असा आहे की, १९७० ची शेव्हरोले शेव्हेल एसएस ४५४ आपण पाहून आलात, इंजिन आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स दोन्ही कारखान्यातून आलेलेच आहेत असे मालक सांगतो, आणि त्यातल्या गिअरबॉक्सची खात्री कशी करावी हे आपल्याला समजत नाही. अमेरिकन मोटार उद्योगाचे माहेर असलेल्या मिशिगनमध्ये राहत असल्यामुळे गेली कित्येक वर्षे माझे शनिवार-रविवार अशाच गाड्यांखाली आडवे पडून गेले आहेत, तेव्हा अनुभवाने जे कळले ते लिहितो.

गिअरबॉक्स योग्य जातीचा आहे का, हा एक प्रश्न. आणि याच गाडीसोबत कारखान्यातून निघालेला हाच तो नग आहे का, हा दुसरा. विकणारे बहुधा पहिल्याचे उत्तर देतात आणि दुसऱ्याचेही दिल्यासारखे बोलतात.

जात ओळखणे सोपे आहे. ४५४ घन इंचांच्या इंजिनाच्या त्या शेव्हेलला ऑटोमॅटिक म्हणून टर्बो हायड्रामॅटिक ४०० हाच गिअरबॉक्स मिळत असे. गाडी स्टँडवर नीट घेऊन (नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही खाली शिरू नये) तेलाच्या पॅनकडे पाहावे. टर्बो ४०० ची पॅन वेड्यावाकड्या आकाराची असते, टर्बो ३५० या त्याच घराण्यातल्या दुसऱ्या ऑटोमॅटिकची जवळजवळ चौकोनी पण एक कोपरा छाटलेली असते, आणि दोन गिअरच्या पॉवरग्लाइडची सरळ आयताकृती असते. बोल्ट मोजून फारसे हाती लागत नाही, कारण पहिल्या दोन्हींना १३ आणि पॉवरग्लाइडला १४ बोल्ट असतात, आकारच पाहावा. शंका राहिलीच तर किकडाउनची (ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पडण्याची) व्यवस्था पाहावी: टर्बो ४०० मध्ये ती विजेवर चालते, म्हणून डाव्या अंगाला वायर जोडलेली दिसते, तर टर्बो ३५० मध्ये उजव्या अंगाला केबल उतरलेली असते. डावे-उजवे मी गाडीच्या तोंडाच्या दिशेने सांगतो आहे. अमेरिकन गाडीत डावी बाजू चालकाची, हे भारतात गाडी शिकलेल्या माणसाच्या डोक्यात पहिल्या दिवशी हमखास उलटे बसते.

मात्र जात जुळली म्हणजे टर्बो ४०० आहे एवढेच ठरले. १९६४ पासून हा गिअरबॉक्स कॅडिलॅक, ब्यूक अशा जनरल मोटर्सच्या अनेक गाड्यांत बसत आला, त्यामुळे भंगारातल्या एखाद्या मोठ्या सेडानमधून काढलेला नगही तसाच दिसू शकतो. शेव्हरोलेच्या आणि ब्यूक-ओल्ड्समोबील-पॉन्टियाकच्या इंजिनांना गिअरबॉक्स जोडण्याच्या बोल्टांची रचना वेगळी असते, तेवढी एक चाळणी मधे लागते.

खरा पुरावा पंच केलेला नंबर. १९६८ च्या मॉडेलपासून गाडीच्या नंबराचा (नोंदणीचा नव्हे, कारखान्याने दिलेल्या नंबराचा) काही भाग गिअरबॉक्सवरही पंच केलेला सापडतो. समजा डॅशबोर्डवरचा नंबर १३६३७०बी१२३४५६ असा आहे. त्यात पहिला १ म्हणजे शेव्हरोले, ३६३७ ही मालिका आणि बॉडी, पुढचे शून्य म्हणजे १९७०, बी म्हणजे बाल्टिमोरचा कारखाना आणि शेवटचे सहा आकडे त्या गाडीचा क्रमांक. गिअरबॉक्सवर यातले, मधले ३६३७ वगळून, १०बी१२३४५६ एवढेच अपेक्षित आहे. टर्बो ४०० वर ते डाव्या बाजूला, पॅनच्या कडेच्या जरा वर, शिफ्टच्या दांड्याच्या आसपास शोधावे. पन्नास वर्षांचे तेल आणि धूळ तिथे डांबरासारखी बसलेली असते. ती ब्रेक क्लीनर आणि प्लास्टिकच्या ब्रशने काढावी, तारेचा ब्रश लावू नये, कारण ॲल्युमिनियम मऊ आणि पंच उथळ असतो. आकडे थोडे तिरके किंवा कमी-जास्त खोल दिसले तर लगेच संशय घेऊ नये. आजूबाजूचा पृष्ठभाग घासलेला, नव्याने चकाकणारा दिसला तर मात्र जरूर घ्यावा.

उजव्या बाजूला मॉडेल वर्ष आणि कोड असलेली छोटी धातूची पट्टीही असते. तिच्यावर मी फार विसंबत नाही, कारण अशा पट्ट्या नव्याने बनवून मिळतात. गिअरबॉक्सची बनावटीची तारीख मिळाली तर ती गाडीच्या आधीची, पण फार आधीची नाही, अशी हवी. गाडीची वेळ इंजिनामागच्या पत्र्यावरच्या प्लेटवर असते. तिथे ०३बी असेल तर मार्चचा दुसरा आठवडा. इंजिनाचा कोडही साक्ष देतो: एलएस६ (४५४ चा जास्त ताकदीचा प्रकार) इंजिनावर सीआरआर असेल तर ते ऑटोमॅटिकसाठी बनले होते, सीआरव्ही असेल तर मॅन्युअलसाठी.

नंबर जुळला नाही म्हणजे मालक लबाडच, असेही धरू नये. माझ्या १९७२ च्या ओल्ड्समोबील कटलसचा टर्बो ३५० मी एका दुकानात दुरुस्तीला दिला आणि दोन दिवसांत गिअरबॉक्स परत मिळाला म्हणून खूश झालो. बऱ्याच काळाने खाली पडून पाहिले तर नंबर ३२ ने सुरू होण्याऐवजी ४१ ने सुरू होत होता. ४ म्हणजे ब्यूक आणि १ म्हणजे १९७१! दुकानाने माझा ठेवून घेऊन तयार असलेला दुसरा बसवला होता, आणि बिलावर ‘एक्स्चेंज’ हा शब्द होता. तो मी वाचला नव्हता, एवढेच.

पुढे कधी दुसऱ्या कंपन्यांच्या गाड्या पाहिल्यात तर क्रायस्लरच्या टॉर्कफ्लाइट या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवर डाव्या बाजूच्या पॅनच्या कडेला पार्ट नंबर आणि त्यापुढे चार आकडी तारीख असते. ती महिना-दिवसाची नसून सलग मोजलेल्या दिवसांची असते, म्हणून तक्ता पाहूनच उलगडते. फोर्डमध्ये दाराच्या प्लेटवर कोड असतो; १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातल्या मस्टँगला डब्ल्यू म्हणजे सी४ आणि यू म्हणजे सी६, हे दोन्ही फोर्डचे ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. फोर्डच्या गिअरबॉक्सची ओळखपट्टी सर्व्होच्या (गिअरबॉक्समधला तेलाच्या दाबावर चालणारा पिस्टन) झाकणाच्या बोल्टखाली अडकवलेली असल्यामुळे कुणी ते झाकण उघडले की ती हरवते.

कागदपत्रांच्या बाबतीत शेव्हरोलेवाले दुर्दैवी. पॉन्टियाकसाठी पीएचएस (पॉन्टियाक हिस्टॉरिक सर्व्हिसेस) या संस्थेकडून आणि १९६७ पासूनच्या फोर्डसाठी मार्टी रिपोर्ट या विकत मिळणाऱ्या अहवालातून कारखान्याची गाडीगणिक नोंद मिळते. अमेरिकेत बनलेल्या शेव्हेलसाठी तशी सोय नाही. म्हणून वॉरंटीच्या पुस्तिकेतली धातूची प्रोटेक्ट-ओ-प्लेट किंवा बिल्डशीट (गाडीत काय काय बसवायचे याचा कारखान्यातला कागद) आहे का, ते विचारावे. बिल्डशीट कधी कधी पेट्रोलच्या टाकीवर चिकटून राहिलेली सापडते, पण त्यासाठी टाकी उतरवावी लागते आणि विकत घेण्याआधी कोणताही मालक ते करू देणार नाही.

माझ्या मते इंजिन मूळचे असेल आणि गिअरबॉक्स योग्य जातीचा पण दुसऱ्या गाडीचा असेल, तर ही गाडी सोडू नये. फक्त ‘दोन्ही मूळचे’ या शब्दांसाठी मागितलेली जादा रक्कम देऊ नये. मालकाने गाडी वर घ्यायला नकार दिला, तर निदान डाव्या बाजूचा जवळून काढलेला फोटो मागून घ्यावा आणि तो येईपर्यंत विसार देऊ नये.