आधी राखणदार, मग वाट

प्रिय बाय,

तुझा नकाशा बघितला. हिरवी रेघ चालण्याची, निळी सायकलची, तांबडी पुढच्या टप्प्यातली. आपल्या गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारापासून फर्मागुढी, बांदोडा, नागेशी, रामनाथी, कवळे, सगळं तू एका जाळ्यात आणलं आहेस. काम नेटकं आहे. सोबतच्या पत्रात विचारतेस की सुरुवात कुठून करू. नगरसेवक पेव्हर, म्हणजे सिमेंटचे ठोकळे, घाला म्हणतात, सायकलवाल्या मुलांना वेगळा ट्रॅक हवा आहे, भाटकार, म्हणजे जमीनमालक, विचारतो माझ्या भाटातून रेघ काढलीच कशी, आणि तुझ्या साहेबांना चवथीच्या आधी फीत कापायची आहे.

या चौघांपैकी कुणाचंही ऐकून सुरुवात करू नकोस. नकाशावरच्या प्रत्येक तुकड्यापुढे आधी एका माणसाचं नाव लिही. वाटेखालची पाण्याची मोरी तुंबली की उपसणारा, रानमोडीची झुडपं वाटेवर झुकली की कोयता घेऊन येणारा, चिरा निखळला की दुसऱ्या दिवशी तुला फोन करणारा माणूस. ज्या तुकड्यापुढे नाव येत नाही तो तुकडा खोडून टाक. अर्धा नकाशा पुसला जाईल. जाऊ दे.

तू म्हणशील, देखभालीसाठी समिती नेमू. नको. समितीची बैठक होते, इतिवृत्त होतं, आणि मोरीत अडकलेलं माडाचं चुडत तिथेच राहतं. मला माणूस हवा, त्याचं घर कुठे ते हवं, आणि वाट बिघडली तर त्याचं काय अडतं ते हवं. हे शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. खाजनांचे, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतांचे, बांध शतकानुशतकं का टिकले? बांध फुटला की खारं पाणी ज्याच्या शेतात शिरायचं, तोच तो बांधायला धावायचा. गावकारीने, म्हणजे जमीन सामायिक राखणाऱ्या गावसंस्थेने, नियम केले खरे, पण नियमामागे खाऱ्या पाण्याची भीती होती. शेतं पडीक पडली, कसणारे गेले, तसे कितीतरी ठिकाणी बांधही गेले. वाटेचंही तेच आहे. ज्याचं अडतं तो राखतो. तो कोण, हे शोधणं म्हणजेच तुझं नियोजन. रेघा मागून काढता येतात.

तुझ्या नकाशातल्या बांदोडा-कवळे भागाकडे बघ. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांपासून वाचवायला देव इकडे हलवले, तेव्हा शांतादुर्गा केळशीहून आली, रामनाथ लोटलीहून, महालक्ष्मी कोलव्याहून. नागेश आधीपासून इथलाच. देवांबरोबर माणसं आली आणि या देवळांमधल्या वाटा पायांनी पडल्या. जत्रेच्या आधी वाट साफ व्हायचीच, कारण पालखीला ती लागायची. चवथीला व्हाळापर्यंतची, म्हणजे ओढ्यापर्यंतची, वाट साफ व्हायचीच, कारण गणपती डोक्यावर घेऊन तिथे उतरायचं असायचं. गणपतीवर टांगायच्या माटोळीची फळं आणायला पोरं रानात शिरायची तीसुद्धा ठरलेल्या वाटेने. कुणी निविदा काढली नव्हती. आपल्या लोकांना राखणदार म्हणजे काय हे शिकवावं लागत नाही. गावाचा राखणदार वेताळ रात्री गावभर फिरतो, त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून त्याला नव्या वहाणा वाहणारी माणसं आहोत आपण. राखायचं म्हणजे फिरायचं, हे आपल्याला ठाऊक आहे. मग योजना करताना विसरतो का?

माझ्या मनातून न जाणारी एक वाट सांगतो. देवळाच्या तळीकडून वरच्या वाड्यावर जाणारी, चिऱ्यांच्या पायऱ्यांची. एक म्हातारी रोज पहाटे फुलं घेऊन त्या वाटेने उतरायची आणि उतरता उतरता हातातल्या हिराच्या झाडणीने पाचोळा बाजूला सारायची. पावसात पायऱ्यांवर शेवाळ धरलं की नारळाच्या सोडणाने घासायची, जेमतेम पाऊल मावेल एवढी पट्टी, एकाच बाजूला. सगळा वाडा त्याच पट्टीवर पाय ठेवून चढायचा. ती गेली. पहिल्या पावसात शेवाळ वाढलं, दोघेतिघे घसरले, लोक रस्त्याने रिक्षा करून जाऊ लागले. पुढच्या पावसात रानमोडी दोन्ही बाजूंनी मिळाली. त्यानंतर खाली फाटक आलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही, कारण तोवर तिथून कुणी चालतच नव्हतं. भाटकाराला दोष देऊन मी मोकळा होऊ शकत नाही. फाटक शेवटी आलं, वाट आधीच मेली होती. हे मला आजही बोचतं.

कायदासुद्धा हेच सांगतो. १८८२ च्या ईझमेंट कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, अखंड आणि हक्काने वापरलेल्या वहिवाटीला हक्क मिळतो, आणि त्याच कायद्याप्रमाणे सलग वीस वर्षं न वापरलेला हक्क संपतो. एकाच्या शेताची वहिवाट आणि सगळ्या गावाची वाट यांत फरक आहे, तो वकिलाकडून नीट समजून घे. सर्व्हे प्लॅन आणि एक-चौदाचे, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचे, उतारे काढून ठेव. पण कागद हातात असून वाटेवर पाऊल नसेल तर तू मामलतदारासमोर कुणाला उभं करणार आहेस?

आता पेव्हरचं. आपल्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत. वाट पायांनी झिजते त्याहून कितीतरी जास्त पाण्याने जाते. फर्मागुढीच्या उतारावर तू रेघ सरळ खाली आणली आहेस. पहिल्याच आषाढात तिचा व्हाळ होईल. डोंगराचा उतार शेकडा वीस असेल तर मातीची वाट शेकडा दहाच्या वर चढवू नकोस, आडवी वळवत ने. बाहेरच्या अंगाला शेकडा पाचाचा कल दे म्हणजे पाणी वाट ओलांडून निघून जातं, वाटेवरून धावत नाही. मधूनमधून वाट थोडी खाली उतरवून पुन्हा चढव, पाणी त्या खोलग्यातून बाहेर पडतं. पेव्हरखालची वाळू वाहून गेली की ठोकळे डुगडुगतात आणि सायकलचं चाक फटीत जातं. ठेकेदाराची डिफेक्ट लायबिलिटी, म्हणजे दोष फुकट दुरुस्त करून देण्याची मुदत, संपली की ते ठोकळे कुणाचे? उत्तर नसेल तर घालू नकोस. बाजारातल्या पदपथाला मात्र आयआरसी १०३ प्रमाणे, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सोयींच्या मार्गदर्शिकेप्रमाणे, मोकळी रुंदी कमीत कमी १.८ मीटर हवीच, तिथे तडजोड करू नकोस. विजेचा खांब त्या रुंदीत मोजू देऊ नकोस.

सायकलवाल्या मुलांना माझा विरोध नाही. ती उत्साही आहेत, रविवारी पहाटे येतात. पण त्यांच्याआधी पोदेराला, म्हणजे पाववाल्याला, विचार. तो सकाळ-संध्याकाळ पावांची टोपली मागे बांधून, भोंपू वाजवत वाड्यावाड्यांतून सायकल नेतो. कुठला चढ उतरून ढकलावा लागतो, कुठल्या फाटकाला कुलूप लागलं, कुठे कुत्री अंगावर येतात, कुठल्या मोरीवरचा स्लॅब हलतो, त्याला सगळं पाठ असतं. त्याच्यामागून फिर आणि तुझी निळी रेघ त्याच्या फेरीशी ताडून बघ. तुझ्या ट्रॅकचा बराच भाग त्याला निरुपयोगी वाटला, तर तो आणखी कुणाला उपयोगी आहे ते मला पटवून दे.

मी अडवणूक करतो असं माझ्या बाबतीत बैठकांत उघड बोललं गेलं. नाव नाही तर रेघ नाही, यावर मी अडून बसायचो, आणि निधी परत जाईल म्हणून माणसं चिडायची. काही वेळा निधी परत गेलाही. मी तेव्हा बरोबर होतो आणि आजही तेच करीन. ज्या थोड्या वाटांपुढे नावं होती, त्यांवरून अजून मुलं शाळेला जातात. नाव नसताना थाटामाटात झालेल्या वाटेचा उद्घाटनाचा दगड तेवढा दिसतो, तोही टाकळ्यात बुडालेला. तुला हे कठोर वाटेल. तू सव्वीस-सत्तावीस वर्षांची आहेस, तुला काहीतरी उभं करून दाखवायचं आहे, ते मला कळतं. पण साहेबांच्या तारखेसाठी तू ते जाळं एकदम अंथरलंस तर दोन पावसांनंतर लोक म्हणतील, चालायच्या वाटा इथे टिकतच नाहीत. मग तुझ्यानंतर येणाऱ्याला कुणी उभंही करणार नाही.

आणि राखणदाराला फुकट राबवू नकोस. तुकड्यागणिक मानधन धर, कोयता, फावडं, तारेचा ब्रश दे, मृगाच्या आधी मोऱ्या उपसून घे आणि चवथीच्या आधी पुन्हा एकदा झाडी तोडून घे. ही रक्कम नवीन कामाच्या अंदाजपत्रकातच, पहिल्या ओळीत घाल. शेवटच्या ओळीत घातलीस तर तीच आधी कापतील.

येत्या रविवारी सकाळी ये. पाऊस असला तर अधिकच चांगलं, छत्री आणि जुनी चप्पल घेऊन ये. फर्मागुढीच्या उतारावर पाणी नेमकं कुठून वाहतं ते पावसातच कळतं. नकाशा घरी ठेव, वही आण. वाटेला लागून असलेल्या घरांत मी तुझ्याबरोबर येईन, पण बोलायचं तू.

तुझा,
काका